विहिरीवरचं इंजिन, घाटातली गाडी आणि ट्रॅकवरचा काटा

हल्ली आपल्या हापिसांतली बरीच मंडळी वर्षातून एखाद्या वीकांताला कोइम्बतूरच्या नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवून येतात. परत आल्यावर कॉफी मशीनपाशी चर्चा रंगते. आधी टायर, मग ब्रेक पॅड आणि शेवटी हमखास येणारा विषय म्हणजे इंजिनाचं तापमान. कूलंट किती गेलं, ऑइल किती गेलं, ऑइल कूलर लावावा का, कुठला... वगैरे. ऐकणाऱ्याला वाटावं की हे सगळं जर्मनीत किंवा जपानात कुणीतरी शोधून काढलंय आणि आपण ते आत्ता कुठे शिकतोय.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. हाच प्रश्न, अगदी ह्याच शब्दांत नसेल, पण हाच प्रश्न सातारा आणि सांगलीतल्या शेतकऱ्यांनी विहिरीच्या काठावर बसून पिढीभर हाताळलाय. तोही तापमापक नसताना! आणि त्यात एक चूक अशी आहे की जी विहिरीवर झाली, मग घाटात झाली आणि आता ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांमध्येही होते आहे. आजचा लेख त्या चुकीबद्दल.

आधी थोडं गणित. घाबरू नका, थोडंच आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी मेकॅनिकल करून मग आयटीत उडी मारली (आणि अशी मंडळी काही कमी नाहीत), त्यांना कॉलेजची थर्मल लॅब आठवत असेल. तिथं एक सिंगल सिलिंडर इंजिन असायचं, बहुतेक ठिकाणी किर्लोस्करचंच. हँडल मारून ते सुरू करायचं, पाणी मोजायचं, डिझेल मोजायचं आणि जर्नलमध्ये 'हीट बॅलन्स शीट' भरायची. उत्तर ढोबळमानानं दरवेळी तेच. जाळलेल्या डिझेलमधली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते, एक तृतीयांशच्या आसपास थंड करणाऱ्या पाण्यात जाते आणि उरलेली धुराड्यातून आणि इंजिनाच्या अंगावरून उडून जाते. म्हणजे इंजिन हे खरं तर एक शेगडी आहे, जी जाता जाता थोडं कामही करते. त्या पाण्यातल्या एक तृतीयांशचं काय करायचं, हा आपला विषय.

आता इतिहास. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली आणि पुढे तिथं पंप बनू लागले. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२०च्या दशकात कारखाना काढला. हे तेच कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत). भारतात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या डिझेल इंजिनांमध्ये साताऱ्याच्या कूपर इंजिनाचं नाव घेतलं जातं. पुढे हा उद्योग वालचंद समूहाकडे गेला. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली आणि तिथली छोटी इंजिनं गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली.

तेव्हा सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हेही नव्हते. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे एकाच मुलखात पंप, इंजिन आणि ती दोन्ही विकत घेणारा शेतकरी, असा सगळा मामला होता. इंजिनियर घडवायची सोयही झाली. सांगलीचं इंजिनियरिंग कॉलेज १९४७ सालचं, १९५५ मध्ये त्याला वालचंद यांचं नाव मिळालं.

मोटेच्या जागी इंजिन आलं म्हणजे नेमकं काय आलं? पाच हॉर्सपॉवरचं, म्हणजे ३.७ किलोवॅटचं यंत्र आलं. बैल दमतात तसं ते दमत नाही, पण तापतं. पूर्ण भारावर ते तासाला लिटर-सव्वा लिटर डिझेल पितं. म्हणजे साधारण १२ किलोवॅट उष्णता आत जाते आणि त्यातली ४ किलोवॅटच्या आसपास पाण्यावाटे बाहेर काढावी लागते.

विहिरीवर पाण्याला काय तोटा! पंपाच्या पाइपला एक बारीक नळी काढायची, ती इंजिनाच्या जॅकेटला जोडायची आणि दुसऱ्या बाजूनं निघालेलं कोमट पाणी पाटात सोडून द्यायचं. ना रेडिएटर, ना पंखा, ना टाकी. तुम्ही म्हणाल, किती सोपं! सोपं होतंच. अडचण अशी की विहिरीचं पाणी साधारण २५ अंशांचं असतं आणि नळीचा कॉक बहुधा पूर्ण उघडा असायचा.

आता ते ४ किलोवॅट घ्या. नळीतून मिनिटाला ५ लिटर पाणी जात असेल, तर ते फक्त ११-१२ अंशांनी तापेल. २५चं ३७ होईल. हात घातला तर आंघोळीच्या पाण्यापेक्षाही थंड. कॉक आवळून तेच पाणी मिनिटाला सव्वा लिटर केलं, तर ते ४५ अंशांनी तापतं आणि ७० अंशांवर बाहेर येतं. हात ठेववत नाही इतकं. इंजिन तेच, डिझेल तेच, काम तेच. फरक फक्त कॉकच्या एका पिळाचा.

यातलं कुठलं इंजिन सुखी? पहिलं वाटेल. उत्तर आहे दुसरं.

सिलिंडरची भिंत फार थंड राहिली की तीन गोष्टी होतात. एक, फवारलेलं डिझेल थंड भिंतीवर चिकटतं, नीट जळत नाही आणि ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. दोन, जळण्यातून तयार होणारी वाफ भिंतीवर दव धरावं तशी जमते. त्यात डिझेलमधल्या गंधकाचा अंश मिसळून सौम्य आम्ल तयार होतं आणि ते लायनर कुरतडतं. तीन, ऑइल घट्ट राहतं आणि पंपाची ताकद ते ढवळण्यातच वाया जाते. हे शोध काही कालचे नाहीत. १९३०च्या दशकातच ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनियर्सच्या प्रयोगांत दिसलं होतं की, भिंतीचं तापमान एका मर्यादेखाली गेलं की सिलिंडरची झीज झपाट्यानं वाढते, आणि त्याचं मुख्य कारण घासणं नसून गंजणं आहे. म्हणजे थंडगार पाण्यावर चालणारं इंजिन आतून गंजत असतं आणि वरून शांतपणे टुकटुक करत असतं.

मग शेतकरी कॉक उघडा का ठेवायचा? अडाणी होता म्हणून? मुळीच नाही. दोन्ही बाजूंची जोखीम मांडून बघा. इंजिन थंड चाललं तर तासाला थोडं डिझेल जास्त जातं आणि काही वर्षांनी लायनर बदलावा लागतो. इंजिन तापून पिस्टन धरला तर? सांगलीला नाहीतर कराडला न्यायचं, मिस्त्री गाठायचा, सुटा भाग मिळायची वाट बघायची आणि तोवर ऊस किंवा हळद उन्हात उभी. पहिला तोटा हळूहळू होतो आणि दिसत नाही. दुसरा एका दुपारीत होतो आणि सगळ्या गावाला दिसतो. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस कॉक उघडाच ठेवेल. आपणही सर्व्हरला लागते त्याच्या चौपट मेमरी देऊन मोकळे होतो, ते ह्याच न्यायानं.

शिवाय त्या सोप्या जोडणीत एक खोच होती. थंड करणारं पाणी पंपाकडूनच यायचं. म्हणजे विहिरीचं पाणी तळाला गेलं, पंपानं हवा ओढली, की शेताचं पाणी बंद आणि त्याच क्षणी इंजिनाचंही पाणी बंद. १९७२च्या दुष्काळात माण-खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात विहिरी तळाला गेल्या, तेव्हा या खोचेचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करा. विहिरीत तासाभराचं पाणी साठायचं आणि तेवढंच उपसायचं. कुणीतरी इंजिनाजवळ बसून नळीकडे लक्ष ठेवायचं, धार बारीक झाली की इंजिन बंद करायचं. आजच्या भाषेत तो माणूस म्हणजेच सेन्सर, तोच अलार्म आणि तोच स्विच.

याउलट गावातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन बघा. तिथं विहीर नसायची, त्यामुळे शेजारी पाण्याची टाकी किंवा हौद असायचा. गरम झालेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढायचं, टाकीत निवून खालच्या नळीनं परत यायचं. पंपाचीही गरज नाही. तेच पाणी फिरत राहिल्यामुळे ते सुरुवातीला तापायचं आणि मग तापलेलंच राहायचं. म्हणजे पाण्याची टंचाई असलेल्या गिरणीवाल्याचं इंजिन, पाण्याची चैन असलेल्या शेतकऱ्याच्या इंजिनापेक्षा योग्य तापमानाला चालत होतं!

तेलसंकटानंतर डिझेलचा भाव बोचायला लागला, तेव्हा सरकारचं लक्ष या पंपांकडे गेलं. १९७८ साली पीसीआरए ही इंधन बचतीची संस्था निघाली आणि शेतीपंपांच्या सुधारणेत तिनं बरंच काम केलं. फूट व्हॉल्व्ह बदला, पाइप मोठा घ्या आणि इंजिन फार थंड चालवू नका. हा शेवटचा सल्ला लोकांना पटवणं सगळ्यात अवघड असणार. 'इंजिन जरा गरम चालवा' हे ऐकायला कसं वाटतं बघा.

पुढे वीज आली. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ पासून सुरू झाला आणि जसजशा तारा गावात पोचल्या तसतशा विहिरींवर मोटारी आल्या. टुकटुक हळूहळू कमी झाली. इंजिनाच्या उष्णतेची गोष्ट मात्र संपली नाही. ती रस्त्यावर होतीच, आणि आता घाट चढायला लागली.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर आपल्या मुलखातल्या माणसाची इंजिनाशी ओळख मुख्यतः घाटातच झाली. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीत साधारण ६०० मीटर चढायचे असतात. १० टनांची भरलेली बस तेवढी उचलायला साडेसोळा युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते आणि वरच्या हिशोबानं जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरमधून बाहेर काढावी लागते. आणि नेमकी घाटातच ती काढणं सगळ्यात अवघड. गाडीचा वेग कमी म्हणून समोरून वारा नाही, ताकद मात्र पूर्ण लागते. त्यात मागून वारा आला तर पंखाही हतबल.

उंचीचाही हिशोब आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ वरच उकळतं. म्हणून रेडिएटरला दाब धरणारं झाकण आलं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा १ बार जास्त असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपासच उकळतं. पण ११० अंशांचं पाणी आत असताना कुणी घाईत झाकण उघडलं, तर दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून उसळतं. 'बॉनेट उघड, पण झाकणाला हात लावू नकोस' हे वाक्य घाटातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यानं म्हटलेलं असतं, त्यामागचं भौतिकशास्त्र हे.

आणि इथं आपली जुनी चूक परत भेटते. थर्मोस्टॅट ही रेडिएटरच्या वाटेवरची एक छोटी झडप आहे. तिच्यातलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं आणि वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. म्हणजे विहिरीवर जो कॉक हातानं पिळायचा होता, तो आपोआप पिळणारा हा भाग. पण ॲम्बेसेडर आणि पद्मिनी घाटात उकळायला लागल्या, की मिस्त्रींचा ठरलेला उपाय असायचा: 'साहेब, हे काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही.' काढला! गाडी उकळायची थांबली की सगळे खूश. पण आता पुणे-सातारा सपाट रस्त्यावर ती ६० अंशांवर धावायची, पेट्रोल जास्त प्यायची आणि ऑइल काळं करायची. वर काही गाड्यांत थर्मोस्टॅटच बायपासची वाटही बंद करत असतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात येत राहतं, म्हणजे घाटात उलट वाईटच. मूळ रोग बहुतेक वेळा वेगळाच असायचा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतून रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी भरलेल्या. 'इथं कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?' या वाक्यानं जेवढे रेडिएटर खाल्ले तेवढे उन्हाळ्यानं खाल्ले नसतील. कूलंटचं इथलं काम गोठण थांबवणं नाहीच. गंज रोखणं आणि उत्कलनबिंदू वाढवणं, हे आहे.

आता येऊ ट्रॅकवर.

ट्रॅक म्हणजे न संपणारा घाट समजा, फक्त वारा भरपूर असलेला. हायवेला ८०-९०च्या वेगात छोट्या गाडीला १५ किलोवॅटच्या आसपास ताकद पुरते. ट्रॅकवर तीच गाडी लॅपचा मोठा भाग ६०-७० किलोवॅट मागते. उष्णताही त्याच पटीत वाढते. कूलंटला रेडिएटर आहे, तो बऱ्यापैकी निभावतो. ऑइलला अनेक गाड्यांत स्वतःचं असं काहीच नसतं. पिस्टनच्या खालची, बेअरिंगमधली सगळी आग तेच झेलतं. कूलंटपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. म्हणून पहिल्या लॅपला सगळं आलबेल दिसतं आणि पाचव्याला ऑइल १३० अंशांच्या पुढे गेलेलं असतं.

५डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा ४० अंशांवर ६० सेंटिस्टोकच्या आसपास असतो, १०० वर १०-११ आणि १३०-१४० ला पाच-सहा. बेअरिंग आणि दांड्याच्या मधला तो पातळ थर टिकून आहे तोवर धातू धातूला लागत नाही. थर तुटला की मग विहिरीवरचाच शब्द: इंजिन धरलं.

आणि समोरचा काटा? तो तर बऱ्याच नव्या गाड्यांत चक्क आपल्या व्यवसायबंधूंनी लिहिलेला असतो. कूलंट साधारण ८० ते १०५ मध्ये कुठेही असलं, तरी काटा मधोमध स्थिर. लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करू नयेत म्हणून. रोजच्या वापरात ठीक आहे, पण ट्रॅकवर तो काटा हलेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइलचा काटा तर पुष्कळ गाड्यांत नसतोच. म्हणून आधी खरा आकडा दाखवणारं काहीतरी लावा, मग बाकीचा खर्च करा.

चूक तिसऱ्यांदा होते ती इथं. १३०चा आकडा बघून मंडळी घाबरतात आणि सापडेल तो सगळ्यात मोठा ऑइल कूलर लावतात, तोही थर्मोस्टॅटशिवाय. वर्षातून दोन दिवस ट्रॅकवर ऑइल छान ११० ला राहतं. उरलेले ३६३ दिवस हिंजवडीला जाता-येता ते ६०-७० च्या वर चढत नाही. त्यात मिसळलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जायला ऑइल काही वेळ तरी ९०-१००च्या घरात जावं लागतं. ते जातच नाही. उघड्या कॉकचं विहिरीवरचं इंजिन, फक्त आता हप्त्यावर घेतलेलं.

करायचं काय, ते फार अवघड नाही. पहिली लॅप सावकाश, ऑइल ८०च्या वर जाईपर्यंत इंजिनाला पिळायचं नाही. मग चार-पाच लॅप मनसोक्त. कूलंट ११० किंवा ऑइल १३० ओलांडायला लागलं की पाय उचलायचा, वरच्या गिअरमध्ये एक लॅप निवांत मारायची. पिटमध्ये आल्या आल्या इंजिन बंद करायचं नाही, कारण पाणी फिरायचं थांबतं आणि आतली आग तिथंच कोंडते. आणि कूलर लावलाच, तर थर्मोस्टॅटवाला लावायचा.

थंड करणं हे कधीच उद्दिष्ट नव्हतं. एका पट्ट्यात धरून ठेवणं हे होतं. जास्त तापण्याचं नुकसान लगेच आणि वाजतगाजत येतं, म्हणून आपण सगळी तरतूद तिकडेच करतो. कमी तापण्याचं नुकसान उधारीवर येतं. विहिरीवरच्या माणसाकडे निदान तसं करायला सबळ कारण होतं. हातात तापमापक नव्हता आणि डोक्यावर उभं पीक होतं. आपल्याकडे सहाशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल आहे.

असो. पुढच्या वेळी कराड-पलूसकडे जाल आणि एखाद्या जुन्या विहिरीच्या काठावर गंजलेलं फाउंडेशन आणि चार बोल्ट दिसले, तर जरा थांबून बघा. आपल्याकडचं थर्मल मॅनेजमेंट तिथंच शिकलं गेलं, कुणी त्याला तसं नाव दिलं नाही इतकंच.

ता. क. तुमच्या आजोळी इंजिनाच्या पाण्याचा कॉक कोण पिळायचं, आणि किती, हे विचारून बघा. 'हात पोळंल एवढं पाणी आलं पाहिजे' असं म्हणणारं कुणी भेटलं, तर त्यांना माझा नमस्कार सांगा. :)